कोकणात रोप जगवायचं म्हणजे ओल धरून ठेवायची: खड्ड्यापासून दुसऱ्या पावसापर्यंत

कोकणात पाऊस कमी पडतो असं कोणी म्हणणार नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अडीच-तीन हजार मिलिमीटर, घाटाच्या पायथ्याला त्याहून जास्तच. पण हा सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो, ऑक्टोबरात थोडासा, आणि मग पुढचे सात महिने आभाळातून थेंब नाही. म्हणजे तुमचं काजूचं किंवा आंब्याचं रोप चार महिने पाण्यात उभं असतं आणि उरलेलं वर्ष जवळपास वाळवंटात. त्यात आपली जमीन जांभ्याची, भोकाभोकांची, पाणी पटकन खाली सोडून देणारी, वर उतार, मातीचा थर कुठे हातभर तर कुठे वीतभर. म्हणून जुलैत हिरवंगार दिसणारं रोप फेब्रुवारीत मान टाकतं आणि मार्चमध्ये काडी होते, आणि मग लोकं म्हणतात की पाणी कमी पडलं. पाणी कमी पडलं हे खरंच आहे पण ते मार्चमध्ये नाही पडलं कमी, ते ऑक्टोबरात हातातून गेलं.

या लेखातलं मुख्य काम तेवढंच आहे: पाऊस जोरात असताना पाणी मुळाशी तुंबू द्यायचं नाही, आणि पाऊस निघाला की लगेच दार लावून ओल कोंडायची. देशावरच्या दुष्काळी भागातली माहिती वाचून लोकं सरळ खोलगट आळं करून त्यात रोप लावतात, ते तिकडे ठीक आहे, इकडे आषाढात त्याच आळ्यात मुळं कुजतात.

आधी जागा नीट बघा

वरकस जमीन (म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन) सगळी सारखी नसते. एप्रिलमध्ये एक पहार घेऊन जागेवर फिरा आणि दर दहा-पंधरा पावलांवर ठोकून बघा, हातभर तरी आत गेली तर तिथे झाड होईल, चार बोटांवर खणकन वाजली तर खाली कातळ आहे. दुसरी खूण म्हणजे आधीपासून काय उगवलंय ते बघायचं. ऐन, किंजळ, जांभूळ, करवंदीची जाळी जिथे जोमात आहे तिथे कातळाला भेगा आहेत आणि मुळं खाली उतरतात. जिथे पावसाळ्यात नुसतं बुटकं गवत आणि फुलं येतात आणि दिवाळीनंतर सगळं पिवळं पडतं तिथे माती जवळपास नाहीच.

अशा उघड्या सड्यावर (म्हणजे कातळाच्या सपाट माळावर) जेसीबी लावून, सुरुंग लावून, डंपरने माती आणून बागा केल्या जातात, होतात पण खर्च बघता ज्याच्याकडे पाण्याची बारमाही सोय आहे त्यानेच त्यात पडावं. आणि सड्यावर काही करण्याआधी पृष्ठभाग साफ करून बघा हो. उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी इथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, ती अशाच गवताखाली आणि मातीखाली सापडलेली आहेत, तुमच्या सड्यावर पण असू शकतात.

काय लावायचं हे पण जागेवरून ठरतं. उघडा, वाऱ्याचा, कमी मातीचा उतार असेल तर काजू, आवळा, जांभूळ. माती खोल असेल आणि पाणी साठत नसेल तर आंबा, फणस. रातांब्याला (म्हणजे कोकमाला) लहानपणी सावली आवडते, त्याला उघड्यावर उन्हात एकटं उभं करू नका, जुन्या झाडांच्या कडेने लावा. समुद्राला लागून खारा वारा येत असेल तर उंडी, करंज ही आपली जुनी झाडं तिथे टिकतात.

खड्डे: एप्रिल-मे

काजूला दोन-दोन फुटांचा खड्डा, म्हणजे 60 सेंटिमीटर लांब रुंद खोल, आणि आंब्याला 1 मीटरचा. काजूचं अंतर 7 मीटर धरलं तर एकरात साधारण 80 झाडं बसतात, आंबा 10 मीटरवर लावला तर 40. खड्डा काढताना वरची काळपट माती एका बाजूला आणि खालची लाल खडकाळ माती दुसऱ्या बाजूला टाकायची, गड्याला आधीच सांगून ठेवा नाहीतर एकच ढीग होतो. खड्डा पंधरा दिवस तरी उन्हात तापू द्या.

भरताना तळाला थोडा पालापाचोळा, मग वरची चांगली माती, एक-दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि एखादा किलो सिंगल सुपर फॉस्फेट, सगळं मिसळून. शेणखत खरंच कुजलेलं हवं, कच्चं घातलंत की वाळवी आणि हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) आमंत्रण. जुनी, एक-दोन पावसाळे खाल्लेली नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) असतील तर तळाला एक थर उताणी, म्हणजे वाटी वर करून लावा, ती पाणी शोषून ठेवतात आणि बरीच वर्षं काम देतात. नारळाच्या खड्ड्यात जांभा मऊ व्हावा म्हणून मीठ टाकायची पद्धत आहे, ती नारळापुरतीच ठेवा, बघून काजू-आंब्याच्या खड्ड्यात मीठ टाकणारे पण आहेत.

कातळात फोडलेला खड्डा म्हणजे तळ नसलेला नव्हे, तळ असलेली बादली. त्यातून पाणी जायला वाट नसते. तिथे खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूला पहारीने एक खाच तळापर्यंत फोडून घ्या, तीत दगडगोटे भरा. हे काम मेमध्येच करायचं, एकदा पाऊस लागला की कोणी करत नाही.

खड्डा भरतानाच दोन इंची पीव्हीसी पाईपचा फूटभर तुकडा किंवा चिव्याचं (बारीक बांबूचं) नळकांडं कडेला तिरकं उभं करून ठेवलं तर उन्हाळ्यात त्यातून ओतलेलं पाणी थेट मुळांच्या खालच्या बाजूला जातं, वरची माती ओली करण्यात फुकट जात नाही. पावसाळ्यात त्याच्या तोंडाला दगड ठेवायचा.

रोप निवडताना

लोकं उंच, पानांनी भरलेलं रोप उचलतात. मी म्हणेन मध्यम घ्या, पण पिशवी बघा. पिशवीच्या तळाला मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप जमिनीत जाऊनही गोलच फिरत राहतं आणि पहिल्या उन्हाळ्यात खोल ओलीपर्यंत पोचतच नाही. कलमाचा जोड नीट भरलेला पाहिजे, जोडावरची पट्टी लावणीच्या वेळी किंवा थोड्या दिवसांनी काढायची, ती राहिली तर खोड तिथे करकचतं. काजूत वेंगुर्ला 4, वेंगुर्ला 7 ही दापोलीच्या विद्यापीठाची, वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रातून आलेली वाणं सगळीकडे मिळतात, पावतीसह मान्यताप्राप्त नर्सरीतूनच घ्या.

खूप कोरड्या उतारावर अजून एक रस्ता आहे आणि तो मला जास्त पटतो: जागेवर कलम. पहिल्या पावसात खड्ड्यात बी लावायचं, त्याचं सोटमूळ कोणी न गुंडाळता सरळ खाली जातं, आणि रोप तयार झालं की तिथेच कलम बांधायचं. एक वर्ष उशीर होतो, कलम बांधणारा माणूस शोधावा लागतो, पण मूळ जे मिळतं ते पिशवीतल्या रोपाला मिळत नाही.

लावणी: मृग गेला की

दोन-चार चांगल्या सरी होऊन खड्ड्यातली माती बसली की लावा, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जेवढं लवकर लागेल तेवढे मुळाला खाली जायला दिवस मिळतात. भर मुसळधारात लावू नका, माती चिखल होते आणि मुळाभोवतीची हवा निघून जाते.

मातीची पातळी खड्ड्याच्या काठाच्या वीतभर वर येईल असा उंचवटा करायचा, कारण भरलेली माती पावसाने बसते. पिशवीचा तळ ब्लेडने दोन बोटं कापून टाका, मग कडेने चिरा, मातीचा गोळा न फुटता ठेवा. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहिला पाहिजे. वाऱ्याच्या बाजूला काठी, आणि बांधताना सुंभ सैलसर आठच्या आकड्यात. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला आलं आणि तौक्ते मे 2021 मध्ये, म्हणजे दोन्ही लावणीच्या तोंडावर, तेव्हा काठी ही शोभेची वस्तू समजू नका.

आषाढ-श्रावण: पाणी बाहेर काढा, पण माती जाऊ देऊ नका

उतारावर प्रत्येक रोपाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घालायचा. रोपापासून 1 ते सव्वा मीटरवर, फूटभर उंच, वरच्या बाजूची माती खाली ओढून, बाहेरून जांभ्याचे दगड लावून. दोन्ही टोकं एका पातळीत हवीत, नाहीतर सगळं पाणी एकाच बाजूने फुटून बांध घेऊन जातं. पातळी बघायला गवंड्याकडे असते ती पारदर्शक पाणीनळी पुरते. रोप अर्धचंद्राच्या अगदी तळाशी नको, थोडं वरच्या अंगाला हवं.

आणि आता कोकणातली खास गोष्ट: या बांधाला पावसाळ्यात एका बाजूला हातभर रुंद तोंड ठेवायचं, दगड लावलेलं. गाळ आणि पाला आत अडकेल, जादा पाणी निघून जाईल. पावसात एकदा तरी छत्री घेऊन बागेत जाऊन बघा की पाणी कुठून येतंय, कागदावर आखलेलं आणि प्रत्यक्ष वाहतं पाणी यांचा कधीकधी काही संबंध नसतो.

रोपांच्या ओळींच्या वर दोन-तीन मीटर लांबीचे तुटक चर, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल, समपातळीत काढले तर उतारावरचं पाणी जिरतं. पण घरांच्या वरच्या अंगाला तीव्र उतार आणि खोल माती असेल तर तिथे पाणी मुरवायचे चर मुळीच काढू नका. 22 जुलै 2021 ला महाडच्या तळियेत दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ते चरांमुळे झालं असं नाही म्हणत मी, पण अशा उतारात आपण होऊन पाणी भरायचं नसतं.

गवत मुळासकट उपटू नका. रोपाभोवतीचा हातभर गोल साफ ठेवा, बाकीचं कापून तिथेच टाका. टाकळा भाद्रपदात शेंगा धरायच्या आत कापा. मोकळ्या जागेत चवळी किंवा ताग टाकता आला तर उत्तमच, फक्त रोपापासून मीटरभर लांब.

हस्त ते चित्रा: वर्षातलं सगळ्यात महत्त्वाचं काम

हस्त नक्षत्र 27 सप्टेंबरच्या आसपास लागतं, चित्रा 10 ऑक्टोबरच्या सुमाराला. नेमकी तेव्हाच भातकापणी असते, सगळी माणसं शेतात, आणि बाग राहून जाते. मग नवरात्र, दिवाळी, चाकरमानी येणार जाणार, आणि नोव्हेंबरच्या शेवटी कोणीतरी म्हणतं आता गवत टाकूया. तोपर्यंत ऑक्टोबर हीटने वरची हातभर माती सुकलेली असते आणि तुम्ही सुकलेली माती झाकताय. आच्छादन पाणी तयार करत नाही, आहे तेवढंच वाचवतं. म्हणून जमलं तर कापणीच्या मध्येच दोन दिवस काढा, एकाला तरी बागेवर सोडा.

क्रम असा. हस्ताचा पाऊस ओसरायला लागला की आधी अर्धचंद्राचं उघडं ठेवलेलं तोंड दगड-मातीने बंद करायचं, म्हणजे परतीच्या पावसाच्या संध्याकाळच्या गडगडाटी सरी आत अडकतात, त्या सरी फुकटच्या आहेत आणि थोड्या वेळात खूप देतात. दुसरं, पावसाळ्यात केलेला उंचवटा हलक्या हाताने मोडून खोडाकडून बाहेर उतरतं असं पसरट आळं करा, खोडाशी पाणी थांबायला नको पण आळ्याबाहेर पण जायला नको. तिसरं, वरची दोन बोटं माती खुरप्याने भुसभुशीत करा. जांभ्याची लाल माती पावसाच्या माराने वर कडक पापडी धरते, ती फोडली की खालून वर येणारी ओल तुटते.

मग लगेच, त्याच दिवशी, आच्छादन. दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

खाली हिरवं: ग्लिरिसिडियाचा पाला, टाकळा, आणि रानमोडी (सगळीकडे माजणारं ते तण). रानमोडीचा एवढा एकच उपयोग आहे आणि तो भरपूर आहे, पण ती फुलायच्या आधी म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापली पाहिजे, एकदा पांढरी म्हातारी उडायला लागली की तुम्ही स्वतःच्या बागेत बी पेरताय. वर सुकं गवत किंवा भाताचा पेंढा. सगळं मिळून दाबल्यावर वीतभर जाडी राहिली पाहिजे, आणि व्यास निदान 1 मीटर. गवताच्या एका चांगल्या भाऱ्यात दोन-तीन झाडं होतात, हा हिशोब धरून गवत कापताना आधीच बाजूला काढा. झाडाखालचा पातेरा पण चालतो, पण तो बऱ्याच घरांत राबासाठी (भाताचं रोप टाकायची जागा भाजायला) ठेवतात आणि राबाच्या वाटणीत बागेला काही मिळत नाही, तेव्हा गवतावरच भरवसा ठेवा.

वरून वजन पाहिजे नाहीतर सड्यावरचा वारा सगळं खाली व्हाळात (ओढ्यात) नेऊन टाकतो. नारळाची झापं आडवी टाका, नाहीतर जांभ्याचे चपटे दगड. सोडणं वरून ठेवत असाल तर पालथी ठेवा, उताणी ठेवलीत तर अवकाळी पावसात पाणी साठून डास होतात (खड्ड्यात पुरताना उताणी, वर ठेवताना पालथी, हे उलटं होतं बऱ्याच जणांचं).

खोडाला काही टेकता कामा नये. चारही बाजूंनी वीतभर मोकळं. सुक्या गवतात वाळवी येणारच, ती गवत खात बसली तर बसू दे, खोडावर मातीचा बोगदा चढायला लागला की मात्र लगेच खरवडून काढा. लावताना दोन मुठी निंबोळी किंवा करंजाची पेंड मातीत मिसळली असेल तर त्रास कमी होतो.

फक्त दगडांचं आच्छादन पण चांगलं काम करतं, विशेषतः वणव्याच्या वाटेवर किंवा मोकाट गुरांच्या वाटेवर. ते जळत नाही, कोणी खात नाही, उडत नाही. उन्हात तापतं हा एक दोष, म्हणून दगडांखाली पातळ थर पाल्याचा आणि खोडापासून अंतर थोडं जास्त. काळा प्लास्टिक पेपर ड्रिप असेल तर ठीक, उतारावर नुसता अंथरला तर पावसाचं पाणी आत जायच्या ऐवजी वरून वाहून जातं, आणि दोन वर्षांनी त्याच्या चिंध्या गोळा करायला लागतात.

ओल आहे की नाही हे कसं कळणार? आच्छादन बाजूला सारा, चार बोटं माती उकरा, मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला आणि तळहाताला लाल डाग पडला तर अजून आठवडाभर पाणी नको. गोळा होतो पण बोट लावताच फुटतो, तर दोन-तीन दिवसांत द्या. पिठासारखी सुटली तर उशीर झालाय. दुपारी दोन वाजता पानं मलूल दिसली म्हणून धावू नका, मार्चच्या उन्हात ती दिसणारच. सकाळी सातला जाऊन बघा, तेव्हाही मान खाली असेल तर झाडाला खरंच पाणी पाहिजे.

सावली

पहिल्या वर्षी डिसेंबर ते मे सावली द्यायची, आणि ती दक्षिण-पश्चिमेकडून, कारण दुपारचं ऊन तिथून येतं. दोन चिव्याच्या काठ्या आणि एक झाप तिरकं बांधलं की झालं. चारही बाजूंनी झाकून झोपडी करू नका, रोप आत लांबट आणि कमकुवत वाढतं, आणि पावसाळ्यात सावली काढल्यावर भाजतं. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री-पहाटे घाटाकडून जो कोरडा मतलई वारा येतो तोही ओल ओढतो, त्यामुळे पूर्वेची बाजू फार उघडी असेल तर तिथे पण एक झाप.

खोडाला चुना लावून ठेवा, सालीला चिरा पडत नाहीत. काजूला पहिल्या दोन वर्षांत मोहोर आला तर खुडून टाका, जीव तुटतो पण टाका. जोडाच्या खालून येणारी फूट पण काढत राहा.

पाणी किती आणि आणायचं कुठून

ऑक्टोबरचं काम नीट झालं असेल तर पहिलं पाणी डिसेंबरपर्यंत लागत नाही. मग फेब्रुवारीअखेरपर्यंत दर दहा दिवसांनी झाडाला 10 लिटर, मार्चपासून जूनच्या पावसापर्यंत दर आठवड्याला 10 लिटर. रोज तांब्याभर देणं हा सगळ्यात वाईट प्रकार, मुळं वरच येऊन बसतात आणि एक दिवस चुकला की संपलं. द्यायचं तर खाली पोचेल एवढं द्यायचं आणि मग वाट बघायची.

80 झाडांचा हिशोब करा: एका फेरीला 800 लिटर, डिसेंबर ते फेब्रुवारी नऊ फेऱ्या, मार्च ते मध्य जून पंधरा, म्हणजे सगळे मिळून 19 हजार लिटरच्या आसपास. ऐकायला जास्त वाटतं, पण आपल्याकडे एका चौरस मीटरवर वर्षाला अडीच हजार लिटर पाऊस पडतो हे विसरू नका.

म्हणूनच जलकुंड. उताराच्या वरच्या टोकाला 2 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 1 मीटर खोल खड्डा, कडा गुळगुळीत करून, टोकदार खडे काढून, चिकणमाती लिंपून, आत सिल्पॉलीनचा (जाड प्लास्टिकचा) कागद, कडेला मातीत पुरलेला. हे 4 हजार लिटर झालं. याला पाणलोट लागत नाही, ओहोळ वळवावा लागत नाही, आभाळातून सरळ पडणाऱ्या पावसानेच ते भरून वर सांडतं. अशी पाच-सहा कुंडं एका एकराला पुरतात. पण उघडं ठेवलंत तर दिवसाला चार-पाच मिलिमीटर तरी वाफ होऊन जातं आणि मेपर्यंत तुमचं अख्खं मीटरभर पाणी उन्हाने प्यायलेलं असतं. त्यामुळे वर बांबू आडवे टाकून झापांनी झाकणं ही सोय नाही, सक्ती आहे. कागदाला खेकडे भोक पाडतात, कडेची बिळं आधी बुजवा. भोवती वई (कुंपण) घालाच, वासरू किंवा पोर पडलं तर बाहेर यायला त्या गुळगुळीत कागदावर पकड मिळत नाही.

कुंड वर असल्यामुळे पाईपने सायफन करून पाणी खाली येतं, पंप लागत नाही. काळा पाईप उन्हात पडलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी चहाला चालेल एवढं तापलेलं असतं, ते आधी बाजूला जाऊ द्या. शक्यतो संध्याकाळी उन्हं उतरल्यावर द्या.

जवळ पऱ्या (छोटा ओढा) असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोणी वाळू-मातीने भरून वनराई बंधारा घाला, गावातली दहा माणसं एका दिवसात घालतात. त्याचं पाणी किती दिवस पुरेल ते पऱ्यावर अवलंबून आहे, पण आजूबाजूच्या विहिरींना फायदा होतो.

झाडं कमी असतील, पंचवीस-तीसपर्यंत, तर मडकी पुरा. सात-आठ लिटरचं, रंग न दिलेलं, कच्च्या पाझराचं. घेताना पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी बाहेरून ओलसर लागलं तर घ्या, कोरडं राहिलं तर ते पिण्याच्या पाण्यालाच ठेवा. रोपाच्या वरच्या अंगाला दीड वीत अंतरावर मानेपर्यंत पुरायचं, तोंड दोन बोटं वर. झाकण म्हणून नारळाची करवंटी अगदी बरोबर बसते, डास पण होत नाहीत. माती सुकेल तसं मडकं पाझरतं, ओली असेल तेव्हा थांबतं, त्यामुळे पाणी वाया जात नाही. आठवड्याला एकदा भरायचं. जूनमध्ये मडकी काढून घासून, वाळवून पालथी ठेवा, पावसाळ्यात जमिनीत ठेवलीत तर मुळाशी नुसती दलदल होते. माकडं मडकी फोडतात का? फोडतात, पाण्याचा वास लागला की उकरून काढतात. करवंटीवर जड दगड ठेवला की बहुतेक वेळा सोडून देतात.

गुरं आणि वणवा

भातं कापून झाली की गुरं मोकाट सुटतात, आणि सगळा डोंगर पिवळा असताना तुमची बाग हिरवी. गडगा (दगडी कुंपण) परवडत नसेल तर मोगली एरंड आणि ग्लिरिसिडियाचे फाटे पावसाळ्यात कुंपणाला लावा, ग्लिरिसिडियाचा पाला पुढे आच्छादनाला होतो. एकेका रोपाला काटेरी फांद्यांचा फास लावला तरी पहिलं वर्ष निघतं.

वणवा मात्र सगळ्यात मोठा शत्रू. फेब्रुवारी ते मे, सड्यावरचं गवत कोणीतरी पेटवतं किंवा कुठून तरी ठिणगी येते, आणि पाच वर्षांची काजूची बाग अर्ध्या तासात जाते. तुम्ही जे आच्छादन टाकलंय तेही सुकं गवतच आहे, हे लक्षात ठेवून काम करा. बागेच्या चारही बाजूंनी तीन-चार मीटरची जाळरेषा डिसेंबरातच साफ करा, गवत कापून बाहेर नाही तर आत आणा, आच्छादनाला वापरा. प्रत्येक झाडाच्या आच्छादनाभोवती मीटरभर पट्टा खरवडून उघड्या मातीचा ठेवा, म्हणजे आग जमिनीवरून सरकत आली तरी थांबते. शेजारच्या बागवाल्यांशी बोलून जाळरेषा एकच लांब केली तर काम अर्ध्यावर येतं.

मे, आणि पहिला वळीव

मेमध्ये एखादी वळवाची सर येते, मातीचा वास सुटतो आणि सगळे पाणी बंद करतात. करू नका. दहा मिलिमीटरची सर वीतभर गवताच्या थरातच जिरते, खाली माती तशीच कोरडी. वर सांगितलेली मुठीची परीक्षा करा आणि मगच ठरवा. मृगाच्या दोन-तीन मोठ्या सरी झाल्या की पाणी थांबवा, राहिलेलं गवत खोडापासून अजून मागे सरकवा, बांधाचं तोंड उघडा, सावलीची झापं काढा पण ढगाळ दिवस बघून.

दुसऱ्या वर्षी मुळं खड्ड्याबाहेर गेलेली असतात. आळं दीड मीटर रुंद करा, आच्छादन तेवढंच जाड पण बाहेरच्या बाजूला जास्त, आणि पाणी दर पंधरा दिवसांनी 20 लिटर. तिसऱ्या वर्षी काजूला बहुतेक जागी पाण्याची गरज राहत नाही, आंब्याला मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीनदा दिलं तर बरं. आच्छादन मात्र तिसऱ्या वर्षीही सोडू नका, खर्च काय तर गवत कापायचा. लागवड भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून किंवा रोजगार हमीतून करत असाल तर अनुदानाचे पुढचे हप्ते किती झाडं जिवंत आहेत त्यावर ठरतात, तेव्हा मोजणीच्या आधी नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरलेल्या असू देत.

नांग्या भरायला जून संपेपर्यंत थांबू नका आणि नर्सरीतून नवीन बारकी रोपं पण आणू नका, ती शेजारच्या वर्षभराच्या झाडांमागे कायमची पडतात. लावणीच्या वेळीच दहा टक्के रोपं जास्त घ्यायची, ती घराजवळ मोठ्या पिशव्यांत, रातांब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत वर्षभर वाढवायची, तळाची मुळं गुंडाळत नाहीत ना ते मधूनमधून बघायचं, आणि मेलेल्या रोपाच्या जागेवर लावायच्या आधी तो खड्डा परत उकरून बघायचा. तळाला पाणी साठल्याचा वास आला किंवा पहार कातळावर वाजली तर त्याच जागी पुन्हा रोप लावण्यात अर्थ नाही, दोन हात बाजूला सरका.